धन्याला न ओळखणारे कुलूप

(शास्त्रपाठ : यशया १:१-३, मत्तय २६:५७-७५, योहान २१:९-१९)



कुलूप हे माणसाच्या दोन अनुभवांचे अपत्य आहे. आपल्यापाशी जपण्याजोगे काही आहे, हा एक अनुभव. आणि सर्वच माणसे विश्वासाची नसतात, हा दुसरा. कुलूप लावणाऱ्याची अपेक्षा एवढीच असते की, त्याने परक्याला अडवावे आणि धन्याला आत घ्यावे. परंतु कुलूप जुने होता होता यांतले दुसरे काम विसरले तर काय होईल? अडवण्याचे काम ते निष्ठेने करीत राहील. केवळ परका कोण आणि धनी कोण, हे त्याला उमगेनासे होईल. या विसरण्याविषयी आज आपण शास्त्राच्या प्रकाशात विचार करू या.

दिल्लीच्या पूर्वेस, यमुनेच्या पलीकडे मयूर विहार ही वसाहत आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाची घरे आणि सहकारी सोसायट्या यांनी ती भरलेली आहे. मल्याळी, तमिळ, बंगाली, पंजाबी अशी नाना प्रांतांची माणसे तेथे राहतात. थोडी मराठी कुटुंबेही आहेत. सोसायटीच्या आवारात गाड्या इतक्या दाटीने उभ्या असतात की, पहाटे एक बाहेर काढायची तर दोन ढकलाव्या लागतात. जानेवारीच्या धुक्यात एका पहाटे अशाच एका आवारात एका निवृत्त गृहस्थांची जुनी मोटार सुरू होईना. पत्नीला डायलिसिससाठी वेळेवर रुग्णालयात न्यायचे होते. किल्लीने दार उघडले, स्टार्टर जोमाने फिरला, इंजिनाने क्षणभर हुंकार दिला आणि ते लगेच गप्प झाले. चार-पाच वेळा असेच घडले. समोरच्या तबकडीवर किल्लीच्या आकृतीचा तांबडा दिवा तेवढा लुकलुकत होता. अखेर शेजारच्या तरुणाने आपली गाडी काढली आणि त्या माउलीला पोहोचवले. मागाहून आलेल्या मेकॅनिकने तपासणी करून हिंदीत जे सांगितले, त्याचा अर्थ असा होता : बाबूजी, इंजिनात काही दोष नाही, गाडी तुम्हाला ओळखत नाही.

हे वाक्य कोणत्याही उपदेशकाला थांबवून विचार करावयास लावणारे आहे. त्याचा अर्थ नीट कळावा म्हणून ही यंत्रणा थोडी समजून घेऊ.

पूर्वी मोटार चोरणे सोपे होते. किल्लीच्या कुलपामागच्या तारा तोडून एकमेकींना जोडल्या की गाडी निघाली. यावर उपाय म्हणून इमोबिलायझर नावाची यंत्रणा आली. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. पुढे भारतातील गाड्यांतही ती सर्रास दिसू लागली. किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी अशी एक चिप बसवलेली असते. ज्या कुलपात किल्ली फिरवावयाची, त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे एक वेटोळे असते. किल्ली फिरवताच त्या वेटोळ्यातून लहरी निघतात आणि चिपला जणू विचारतात, तू कोण? चिप आपले उत्तर देते. इंजिनाच्या संगणकात नोंदलेल्या ओळखीशी ते जुळले, तर इंधन आणि ठिणगी चालू राहतात. न जुळले, तर संगणक ती तोडतो. म्हणून इंजिन क्षणभर जागे होते आणि पुन्हा निजते.

यात ध्यानात ठेवण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. पहिली, सामान्यतः या चिपला स्वतःची बॅटरी नसते. किल्लीत जी गोल बॅटरी आपण बदलतो, ती दूरवरून दार उघडण्यासाठी असते. चिपला उत्तर देण्याचे बळ मिळते ते प्रश्न विचारणाऱ्या वेटोळ्याच्या लहरींतूनच. दुसरी, हा संवाद काही सेंटिमीटरच्या आतच होतो. दूर राहून तो होत नाही. तिसरी, सुधारलेल्या यंत्रणांत गाडी दर वेळी नवा प्रश्न करते आणि चिपला दर वेळी नवे उत्तर द्यावे लागते. काल दिलेले उत्तर आज चालत नाही.

गाडी जुनी झाली की या व्यवस्थेत बिघाड होऊ लागतात. वेटोळ्याची तार तुटते, जोडांना गंज चढतो, डाख उकलतो, बॅटरी क्षीण झाल्याने संगणक गोंधळतो, किल्ली पडून पडून चिप फुटते. कधी मालक रस्त्यावरच्या कारागिराकडून दुसरी किल्ली करून घेतो. तिचे दाते हुबेहूब असतात, दारही उघडते, पण आत चिप नसते. म्हणजे ओळख दोन्हीकडून हरवू शकते. कधी किल्ली पोकळ असते. कधी किल्ली अस्सल असून पहारेकरीच विसरलेला असतो.

प्रथम या विसरलेल्या पहारेकऱ्याकडे पाहू.

यशयाचा ग्रंथ उघडताच पहिल्या अध्यायात परमेश्वर आकाशाला व पृथ्वीला साक्षीस बोलावून एक दुःख सांगतो. बैल व गाढव या मुक्या जनावरांनाही आपला धनी व आपले दावण कळते. इस्राएलास मात्र ते कळत नाही. ज्या इस्राएलावर हा आरोप आहे, त्याच्या मंदिरात त्या वेळी यज्ञ चालू होते, सण पाळले जात होते, प्रार्थनाही होत होत्या; हे त्याच अध्यायात पुढे वाचावयास मिळते. स्टार्टर जोमाने फिरत होता. धन्याची ओळख तेवढी उरली नव्हती.

योहान आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच लिहितो की, तो स्वकीयांकडे आला असता स्वकीयांनी त्याचा स्वीकार केला नाही. हे स्वकीय दुष्ट, नास्तिक लोक नव्हते. नियमशास्त्राभोवती कुंपण घालून ते जपणारे असे ते लोक होते. आणि या जपणुकीचा हेतू चांगलाच होता. पिढ्यान्पिढ्या परकीय सत्ता व परकीय दैवते यांपासून त्यांनी आपला वारसा राखला होता. परंतु ज्याच्यासाठी हे सर्व राखावयाचे, तो प्रत्यक्ष मंदिरात येऊन शिकवू लागला, तेव्हा त्यालाच त्यांनी विचारले की, हा अधिकार तुला कोणी दिला. पहारा चोख होता आणि धनी बाहेर होता. लावदिकीया येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रातही प्रभू दाराबाहेर उभा राहून ठोठावताना दिसतो. ते दार जगाचे नव्हे. ते मंडळीचे दार आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो.

भाषांतराचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याला शास्ते या पुस्तकाचा बारावा अध्याय नेहमी अस्वस्थ करतो. इफ्ताहाच्या गिलादी लोकांनी यार्देनेचे उतार रोखून धरले आणि पार होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला शिब्बोलेथ हा एक शब्द उच्चारावयास सांगितला. एफ्राइमी मनुष्याला श म्हणता येत नसे. तो सिब्बोलेथ म्हणे, आणि त्याला तेथेच ठार करीत. एका व्यंजनाच्या फरकावर बेचाळीस हजार माणसे पडली, असे तो अध्याय सांगतो. आणि हे परके नव्हते, बंधू होते. एकाच याकोबाच्या वंशातले होते. त्या शब्दाचा अर्थ धान्याचे कणीस किंवा पाण्याचा प्रवाह. जीवन देणाऱ्या वस्तूचे नाव मृत्यूची चाचणी झाले.

वाचकहो, आपल्या मंडळ्यांच्या दारात आज कोणता शब्द विचारला जातो? दिल्लीसारख्या शहरात नोकरीनिमित्त गेलेला मराठी ख्रिस्ती मनुष्य हिंदीत बोलू लागला की, त्याच्या तोंडचा ळ त्याला लपू देत नाही. त्याचे कोणाला हसू येते, तर कोणाला कौतुक वाटते. तेवढ्याने बिघडत नाही. बिघडते ते पुढच्या प्रश्नांनी. आडनाव काय? गाव कोणते? कोणत्या मिशनचे? आणि मग, आवाज थोडा खाली आणून, मूळचे कोण? हे प्रश्न यार्देनेच्या उतारावरचेच आहेत. अहिल्यानगर, जालना वा वसईहून पत्र घेऊन आलेले कुटुंब उपासनेला येते, मागच्या बाकावर बसते, तीन रविवार येते आणि चौथ्या रविवारी येत नाही. त्याला कोणी हाकलले नाही. त्याचा बाप्तिस्मा खरा होता, विश्वास खरा होता. मंडळीने त्याला ओळखले नाही, एवढेच. आपल्या या लहानांपैकी एकाला जे केले अथवा केले नाही ते आपल्यालाच, असे प्रभूने मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगितले आहे. तेव्हा त्या मागच्या बाकावरून कोण उठून गेला, याचा विचार प्रत्येक मंडळीने भीत भीत करावा.

आता दुसरी बाजू. कधी कधी दोष पहारेकऱ्याचा नसून किल्लीचा असतो.

रस्त्यावर करून घेतलेली किल्ली दिसावयास अस्सल असते. तिच्याने दार उघडते, म्हणून ती चालते असे वाटते. पौल तीमथ्याला अशाच लोकांविषयी सावध करतो, ज्यांच्यापाशी सुभक्तीचे बाह्यरूप असते परंतु तिचे सामर्थ्य त्यांनी नाकारलेले असते. डोंगरावरील प्रवचनाच्या शेवटी प्रभू अशा लोकांविषयी बोलतो, ज्यांनी त्याच्या नावाने संदेश दिले, भुते काढली, अद्भुत कृत्ये केली. आणि तरी शेवटच्या दिवशी त्यांना सांगितले जाईल की, मला तुमची ओळख कधीच नव्हती. तेथे मूळ ग्रीकमध्ये गिनोस्को हे क्रियापद आहे. दहा कुमारींच्या दाखल्यात वर दार बंद करून आपण तुम्हांला ओळखत नाही असे म्हणतो, तेथे ओइदा हे क्रियापद आहे. मराठीत जाणणे, ओळखणे, माहीत असणे असे पर्याय आपल्यापुढे येतात. ग्रीकमध्ये या दोन क्रियापदांत नेहमीच काटेकोर भेद करता येतो असे नाही. परंतु दोन्ही ठिकाणी प्रश्न माहितीचा नाही. ज्या प्रभूला आपल्या डोक्यावरील केसांची गणती आहे, त्याला कोणाची माहिती नसेल? प्रश्न नात्याचा आहे. आणि नाते दर दिवशी नवे उत्तर मागते. रानात कालचा मान्ना आज ठेवला तर त्याला किडे पडत. तीस वर्षांपूर्वीची साक्ष, आजोबांनी मिशनरी साहेबांबरोबर केलेली सेवा, घरातील जुना पवित्र शास्त्राचा ग्रंथ, ही सर्व मोलाची आहेत. परंतु आज सकाळी विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे.

या दोन्ही बाजू एका माणसाच्या जीवनात एकत्र आलेल्या आपल्याला दिसतात. तो पेत्र होय.

प्रभूला धरून नेले, तेव्हा पेत्र मागोमाग गेला; पण मत्तय लिहितो की, तो दुरून गेला. थंडीची रात्र होती, वाड्यात कोळशांचा विस्तव पेटवला होता. दासींनी व जवळ उभे असलेल्यांनी त्याला विचारले. आपण त्या मनुष्याला ओळखत नाही, असे त्याने शपथेवर सांगितले. मत्तयाने येथे जे क्रियापद योजिले आहे, ते ओइदा. कुमारींच्या दाखल्यातील वराच्या तोंडी आहे तेच. आणि त्याच वेळी लोक पेत्राला म्हणतात की, तुझ्या बोलण्यावरूनच तू कोण ते कळते. गालीलचा हेल त्याला सोडता आला नाही. जिभेवर प्रभूचा नकार आणि त्याच जिभेवर प्रभूच्या गावाकडची बोली! नाते तोडू पाहणाऱ्याच्या आत नात्याची खूण शिल्लक होती. लूक सांगतो की, तेव्हा प्रभूने वळून पेत्राकडे पाहिले.

जुन्या गाडीची ओळख हरवली म्हणून जाणता कारागीर गाडी मोडीत काढीत नाही. मूळ निर्मात्याकडून मिळालेला गुप्त संकेत घेऊन तो किल्ली आणि गाडी यांची पुन्हा गाठ घालून देतो. तिबिर्य समुद्राच्या काठी प्रभूने पेत्राशी हेच केले. योहान मुद्दाम सांगतो की, तेथेही कोळशांचा विस्तव होता. या विस्तवासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात केवळ दोनदा येतो : एकदा नाकारण्याच्या रात्री, एकदा या सकाळी. प्रभू पेत्राला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारतो. म्हणजे तो त्याला मुळापासून ओळखतो. पण तो त्याला गाव विचारीत नाही, त्या रात्रीचा हिशेब मागत नाही, शिब्बोलेथ म्हणावयास लावीत नाही. तो एकच विचारतो, आणि तीनदा विचारतो : माझ्यावर प्रीती करतोस काय?

पेत्राचे उत्तर नीट पाहा. आपण प्रभूवर प्रीती करतो हे तो स्वतःच्या जोरावर सिद्ध करीत नाही. तुला ते ठाऊक आहे, असे म्हणतो. पहिल्या दोन वेळा तेथे ओइदा आहे. तिसऱ्या वेळी ओइदा आणि गिनोस्को ही दोन्ही क्रियापदे आहेत. वाड्यात जो, मी ओळखत नाही, असे म्हणाला होता, तो आता, तू ओळखतोस, यावर विसावतो. आपली ओळख डळमळली, तेव्हा त्याने प्रभूच्या ओळखीचा आधार घेतला. पौलही गलतीकरांस लिहिताना, तुम्ही देवाला ओळखता असे म्हणता म्हणता थांबतो आणि आपले वाक्य सुधारतो : किंबहुना देवाने तुम्हांला ओळखले आहे.

हे सुधारलेले वाक्य वार्धक्यात आपल्याला अन्नासारखे लागते. दिल्लीतील जुन्या गाड्यांना वयाची मर्यादा घातली गेली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ साली पंधरा वर्षांवरील गाड्यांवर व २०१५ साली दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा आदेश अमलात आला आणि थोड्याच दिवसांत तो बाजूला ठेवावा लागला. हवेच्या शुद्धतेसाठी गाड्यांचे वय मोजावे लागत असेल. त्याविषयी येथे वाद नाही. पण आपण हळूहळू माणसांचेही वय त्याच दृष्टीने मोजू लागलो आहोत, याचे भय वाटते.

आपल्या अनेक घरांत आज असे आईबाप आहेत, ज्यांची स्मृती मावळत चालली आहे. जन्मभर पाठ असलेली स्तोत्रे त्यांना आठवत नाहीत. सून कोण, मुलगी कोण, हे कळत नाही. पोटच्या मुलालाच एखादी माउली, कोण हो तुम्ही, असे विचारते आणि त्याच्या काळजात चर्र होते. मग घरातील मंडळी दबत्या आवाजात पाळकांना विचारतात, ज्याला प्रभूचे नावही आठवत नाही, त्याच्या विश्वासाचे काय?

किल्लीतील त्या चिपला स्वतःची शक्ती नसते, हे येथे आठवा. तिचे उत्तर, विचारणाराच्या सामर्थ्याने उमटते. उपमा सर्वांगांनी लागू पडत नाही; देव काही तांब्याचे वेटोळे नव्हे, आणि माणसांची यंत्रे जुनी होऊन विसरतात तसा तो विसरत नाही. म्हणूनच तर धीर आहे. आई आपल्या तान्ह्याला विसरेल, पण आपण विसरणार नाही, असे यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात परमेश्वर सीयोनेला सांगतो. तिचे चित्र त्याने आपल्या तळहातावर कोरले आहे. ज्याचे तळहात खिळ्यांनी विंधले गेले, त्याच्याकडे पाहून या वचनाचा अर्थ आपल्याला अधिकच कळतो. त्या म्हाताऱ्या माउलीची स्मृती तिच्या मस्तकात उरली नसेल. ती त्याच्या तळहातावर आहे. तिने त्याला धरून ठेवण्याची वेळ गेली. आता त्यानेच तिला धरले आहे, आणि खरे पाहता आरंभापासून तसेच होते.

तर प्रियजनहो, या आठवड्यात तीन गोष्टी करू या. आपल्या मंडळीतून जे कुटुंब येईनासे झाले आहे, त्याच्या घरी जाऊ या, आणि मूळचे कोण हे न विचारता चहा घेऊ या. ज्या वृद्धाला आपण आठवत नाही, त्याच्याजवळ जाऊन बसू या. दुरून नव्हे, हात हाती घेता येईल इतक्या जवळ. त्याला ओळख पटवण्याची परीक्षा घेऊ नये. आपण कोण ते आपणच सांगावे आणि त्याच्यासाठी प्रार्थना म्हणावी. आणि एकांतात प्रभूचा तो एकच प्रश्न स्वतःला विचारून घेऊ या, व त्याचे उत्तर कालचे न देता आजचे देऊ या. ते उत्तर क्षीण असेल तर असो. विचारणारा समर्थ आहे.

जो आपल्या मेंढरांस नावाने ओळखतो आणि ज्याच्या हातातून त्यांना कोणी हिरावून घेऊ शकत नाही, तो महान मेंढपाळ, आपला प्रभू येशू ख्रिस्त, आपल्या मंडळ्यांना आपल्या धन्याची ओळख पुन्हा करून देवो आणि आपल्यातील विसरलेल्यांना व विसरून गेलेल्यांना आपल्या जवळ ठेवो. आमेन.